न्यायमूर्तींची कारकीर्द: तारखांचे गणित आणि रोजच्या बोर्डाचे काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमरावतीचे न्या. भूषण गवई देशाचे सरन्यायाधीश झाले. अशी कारकीर्द घडण्यात गुणवत्तेचा वाटा किती आणि योगायोगाचा किती, आणि विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला न्यायाधीश व्हायचे असेल तर तिने आधी परीक्षा द्यावी की वकिली करावी. मी बरीच वर्षे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर वकिली करतो. अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून शपथ घेतलेल्या आणि पुढे वेगवेगळ्या उंचीवर थांबलेल्या अनेकांसमोर मी उभा राहिलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की न्यायमूर्ती कोणत्या पदापर्यंत पोहोचतील हे बहुतांशी त्यांच्या जन्मतारखेवर आणि उच्च न्यायालयातील शपथेच्या तारखेवर ठरते, तर ते कसे न्यायमूर्ती म्हणून ओळखले जातील हे रोजच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवशी सुनावणीला असलेल्या प्रकरणांच्या यादीवर, ठरते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो.

सुरुवात तारखांपासून करतो, कारण त्याविषयीच सर्वाधिक गैरसमज आहेत. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६५ व्या वर्षी निवृत्त होतात. सरन्यायाधीशपद सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठतेनुसार मिळते, आणि ही ज्येष्ठता वयावर नव्हे, तर तिथल्या शपथेच्या दिवसावर मोजली जाते. एकाच दिवशी अनेकांनी शपथ घेतली असेल तर शपथेच्या क्रमावर. म्हणजे सरन्यायाधीश होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात पुरेशा लवकर पोहोचावे लागते, त्यासाठी उच्च न्यायालयात पुरेशा लवकर नेमणूक व्हावी लागते, आणि शिवाय वरच्या क्रमावरील सहकारी आपल्याआधी निवृत्त होणारे असावे लागतात. यातली एकही गोष्ट त्या व्यक्तीच्या हातात नसते.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. न्या. अभय ओक यांचा जन्म २५ मे १९६० चा आणि न्या. भूषण गवई यांचा २४ नोव्हेंबर १९६० चा. न्या. ओक २९ ऑगस्ट २००३ रोजी आणि न्या. गवई १४ नोव्हेंबर २००३ रोजी, दोघेही मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायमूर्ती झाले. म्हणजे वय सारखे, न्यायालय एकच आणि ज्येष्ठतेत न्या. ओक पुढे. मे २०१९ मध्ये मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. न्या. ओक कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म्हणून बंगळुरूला गेले आणि न्या. गवई २४ मे रोजी थेट सर्वोच्च न्यायालयात आले. न्या. ओक सर्वोच्च न्यायालयात पोहोचले ते ३१ ऑगस्ट २०२१ रोजी. परिणामी न्या. गवई १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले आणि त्यांच्यापेक्षा मूळ न्यायालयात ज्येष्ठ असलेले न्या. ओक त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी न्यायमूर्ती म्हणूनच निवृत्त झाले. वकीलवर्गात न्या. ओक यांच्याविषयीचा आदर यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. आईच्या निधनानंतर दुसऱ्याच दिवशी दिल्लीला परतून त्यांनी अकरा निकाल दिले, ही गोष्ट ठाण्यापासून नागपूरपर्यंतच्या बाररूममध्ये आजही सांगितली जाते.

न्या. गवई यांची ती निवड दडवून केलेली नव्हती. मे २०१९ च्या ठरावात न्यायवृंदाने (नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने, म्हणजे कॉलेजियमने) लेखी नमूद केले होते की सर्वोच्च न्यायालयात अनुसूचित जातीतील न्यायमूर्ती जवळजवळ दशकभर नाहीत आणि ही शिफारस करताना मुंबई उच्च न्यायालयातील त्यांच्यापेक्षा ज्येष्ठ न्यायमूर्ती कमी योग्य आहेत असा अर्थ कोणी काढू नये. न्या. के. जी. बालकृष्णन मे २०१० मध्ये सरन्यायाधीशपदावरून निवृत्त झाल्यानंतरची ही पोकळी होती. प्रतिनिधित्वाचा विचार करून झालेली नेमणूक म्हणजे गुणवत्तेला बगल, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की प्रादेशिक प्रतिनिधित्वाचा विचार सर्वोच्च न्यायालयाच्या स्थापनेपासून होत आला आहे आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडल्याचे मी ऐकलेले नाही.

अशाच तारखांचे दुसरे उदाहरण म्हणजे २९ मार्च २०००. त्या एकाच दिवशी न्या. शरद बोबडे आणि न्या. धनंजय चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयात नेमले गेले. न्या. बोबडे तेव्हा ४४ वर्षांचे व्हायला आले होते, न्या. चंद्रचूड ४० वर्षांचे होते. दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले, न्या. बोबडे यांना सुमारे सतरा महिने मिळाले, न्या. चंद्रचूड यांना दोन वर्षे. न्या. उदय लळित वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात आले, तरी त्यांच्या वाट्याला सरन्यायाधीशपदाचे ७४ दिवसच आले. १९९१ मध्ये न्या. के. एन. सिंह हे तर अवघे १७ दिवस सरन्यायाधीश होते. दुसऱ्या टोकाला न्या. यशवंत चंद्रचूड आहेत: फेब्रुवारी १९७८ ते जुलै १९८५, सात वर्षांहून अधिक काळ, आणि हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. अलीकडच्या कारकिर्दी सहा महिने, वर्ष, दीड वर्ष अशा असताना 'सरन्यायाधीशांचे धोरण' वगैरे शब्द वापरताना आपण जरा हात आखडता घ्यावा, असे मला वाटते.

आता न्यायमूर्तीपदाकडे नेणाऱ्या दारांविषयी. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१७ प्रमाणे दहा वर्षे उच्च न्यायालयात वकिली केलेली किंवा दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेली व्यक्ती उच्च न्यायालयाची न्यायमूर्ती होऊ शकते. प्रथेने यातील साधारण दोन तृतीयांश नेमणुका वकिलांमधून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून होतात. सर्वोच्च न्यायालयासाठी अनुच्छेद १२४ मध्ये तिसरा दरवाजाही आहे, ख्यातनाम विधिज्ञांचा; पण १९५० पासून आजवर त्यातून एकही नेमणूक झालेली नाही. वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात जाणारे मोजकेच असतात. न्या. एस. एम. सिक्री, न्या. रोहिंटन नरिमन, न्या. लळित, न्या. नागेश्वर राव, न्या. इंदू मल्होत्रा, न्या. नरसिंह, न्या. विश्वनाथन ही त्यातली ठळक नावे आहेत.

वकिलांमधून उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग बाहेरून गूढ वाटतो, आणि खरे सांगायचे तर आतूनही काही प्रमाणात तसाच वाटतो. त्यासाठी अर्ज करायचा नसतो. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ सहकारी एखाद्या वकिलाचे काम पाहून त्याला बोलावतात आणि संमती विचारतात. ते नाव राज्य सरकारकडे आणि केंद्रीय कायदा मंत्रालयाकडे जाते, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल येतो, त्या न्यायालयाची माहिती असलेल्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींचे मत घेतले जाते, आणि मग सरन्यायाधीश व दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचा न्यायवृंद निर्णय घेतो. सर्वोच्च न्यायालयातील नेमणुकीसाठी हाच न्यायवृंद पाच जणांचा असतो. केंद्राने परत पाठवलेले नाव न्यायवृंदाने पुन्हा पाठवले तर ते स्वीकारणे सरकारवर बंधनकारक आहे, असे १९९३ आणि १९९८ च्या निकालांवरून ठरते. पण किती दिवसांत स्वीकारावे हे कुठेच पाळले जात नसल्यामुळे नावे रेंगाळतात. आणि वर सांगितलेले तारखांचे गणित पाहता, आठ महिन्यांचा विलंबही एखाद्याची पुढची पंधरा वर्षे बदलू शकतो. संसदेने २०१४ मध्ये ९९ वी घटनादुरुस्ती करून न्यायिक नियुक्ती आयोग आणला होता. तो १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द झाला. न्या. चेलमेश्वर यांचे त्यातील अल्पमताचे निकालपत्र न्यायवृंदाच्या अपारदर्शकतेवर नेमके बोट ठेवते. निकाल ज्यांना पटतो त्यांनीही ते वाचावे.

कोणाला बोलावणे येते? प्रथा अशी आहे की वय साधारण ४५ च्या पुढे असावे, व्यवसाय भरभक्कम असावा आणि नावावर नोंद घेण्याजोगे निकाल असावेत. पण या अटी पूर्ण करणारे वकील प्रत्येक खंडपीठात पुष्कळ असतात. त्यांच्यातून निवड होते ती न्यायमूर्तींनी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणावरून, आणि इथे सरकारी वकिलीचे महत्त्व फार आहे. न्या. गवई यांची वकिलीची सनद मार्च १९८५ ची. सुरुवातीला त्यांनी माजी महाधिवक्ता आणि माजी न्यायमूर्ती बॅरिस्टर राजा भोसले यांच्याकडे काम केले, १९८७ ते १९९० मुंबईत स्वतंत्र वकिली केली आणि मग ते प्रामुख्याने नागपूर खंडपीठासमोर उभे राहू लागले. नागपूर व अमरावती महापालिका आणि अमरावती विद्यापीठ यांचे ते वकील होते; ऑगस्ट १९९२ पासून वर्षभर सहायक सरकारी वकील व अतिरिक्त सरकारी अभियोक्ता, आणि १७ जानेवारी २००० पासून नागपूर खंडपीठाचे मुख्य सरकारी वकील.

या तपशिलाचा अर्थ बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही म्हणून तो थोडा उलगडतो. सरकारी वकील दिवसभर एका न्यायदालनातून दुसऱ्यात फिरत असतो. सकाळी जमीन संपादन, अकरा वाजता जामीन, दुपारी शिक्षकांच्या सेवाविषयक याचिका, संध्याकाळी मंत्रालयाकडून सूचना मिळवण्यासाठी फोन. त्याची बाजू अनेकदा कमकुवत असते; संबंधित खात्याने चूक केलेली असते आणि फाइल वेळेत आलेली नसते. अशा वेळी तो न्यायालयाला खरे काय ते सांगतो की शब्दांची कसरत करतो, हे न्यायमूर्ती रोज पाहतात. खासगी पक्षकाराचा वकील प्रकरण नाकारू शकतो, सरकारी वकिलाला ती मुभा नसते. 'हा मुद्दा मला टिकवता येणार नाही' असे सांगण्याचे धैर्य आणि तरीही सरकारची उरलेली बाजू नीट मांडण्याचे कौशल्य या दोन्ही गोष्टी ज्याच्यात दिसतात, त्याचे नाव पुढे येते. अर्थात राजकीय ओळखीवर सरकारी वकील होणारेही असतात आणि त्यांचीही नावे कधीकधी पुढे जातात. तसे होत नाही असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल.

शपथ झाली की पहिली दोन वर्षे अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून काढावी लागतात. अनुच्छेद २२४ प्रमाणे ही नेमणूक कमाल दोन वर्षांसाठीच असते आणि नंतर कायम नेमणूक होते. न्या. गवई १२ नोव्हेंबर २००५ रोजी कायम झाले. बहुतेकांच्या बाबतीत हा उपचार ठरतो, पण नेहमी नाही. काही वर्षांपूर्वी नागपूर खंडपीठातील एका अतिरिक्त न्यायमूर्तींच्या बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातील निकालावर देशभर टीका झाली, न्यायवृंदाने त्यांना कायम करण्याची आधी केलेली शिफारस मागे घेतली, दोन ऐवजी एकच वर्षाची मुदतवाढ मिळाली आणि अखेर त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचाच होता आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये तो रद्द केला. तरीही एक अस्वस्थ करणारा प्रश्न उरतो: ज्याची कायम नेमणूक अजून व्हायची आहे, त्याने लोकांना किंवा सरकारला न रुचणारा पण कायद्याने बरोबर असलेला निकाल द्यायची वेळ आली तर त्याच्या मनावर काय दडपण येत असेल? अतिरिक्त न्यायमूर्तींची तरतूद प्रलंबित प्रकरणांचा तात्पुरता बोजा कमी करण्यासाठी होती. ती उमेदवारीचा काळ म्हणून वापरली जाते, हे घटनेच्या शब्दांत बसत नाही.

वकिलाचा न्यायमूर्ती होतो तेव्हा उत्पन्न घटते, मित्र दुरावतात आणि शनिवार-रविवार निकाल लिहिण्यात जातात. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे मूळ वेतन २०१६ पासून दरमहा २,२५,००० रुपये आहे, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे २,५०,००० आणि सरन्यायाधीशांचे २,८०,०००. चांगली वकिली असलेल्या ज्येष्ठ वकिलासाठी ही मोठी घट असते, आणि म्हणूनच अनेक उत्तम वकील संमतीच देत नाहीत. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांचा जो दस्तऐवज स्वीकारला, त्यात निकटच्या नातेवाइकाने आपल्यासमोर वकिली करू नये, आपल्या निवासस्थानाचा व्यवसायासाठी वापर होऊ देऊ नये, बारच्या सदस्यांशी जवळीक टाळावी अशा गोष्टी आहेत. लहान गावातून आलेल्या न्यायमूर्तींना यातली शेवटची अट सर्वांत जड जाते.

कामाचे स्वरूप रोस्टरवर ठरते. कोणत्या न्यायमूर्तींकडे कोणत्या प्रकारची प्रकरणे जातील हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात, आणि वीस वर्षे दिवाणी अपिले लढलेल्या वकिलाला न्यायमूर्ती झाल्यावर खुनाच्या अपिलांचा बोर्ड मिळू शकतो. मुंबई उच्च न्यायालयाची मंजूर पदसंख्या ९४ आहे. कामकाज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा (पर्वरी) आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर इथे चालते. न्या. गवई मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि पणजी अशा चारही ठिकाणी बसले. ही भ्रमंती कुटुंबाला त्रासाची असली तरी न्यायमूर्तींना घडवते. गोव्यातली समान नागरी संहिता, मराठवाड्यातले इनामी जमिनींचे वाद, विदर्भातले झुडपी जंगल आणि मुंबईतले पुनर्विकासाचे तंटे एकाच कायद्याच्या पुस्तकात असले तरी समजून घेण्याची पद्धत प्रत्येक ठिकाणी निराळी असते.

आम्ही वकील न्यायमूर्तींना कशावर जोखतो, असे कोणी विचारले तर वर्तमानपत्रात गाजलेले निकाल मी शेवटी ठेवीन. फाइल वाचून येतात का, कनिष्ठ वकिलाला बोलू देतात का, पहिल्या पाच मिनिटांत बनलेले मत युक्तिवाद ऐकून बदलू शकते का आणि राखून ठेवलेला निकाल वेळेत देतात का, या गोष्टी आधी येतात. शेवटच्या मुद्द्यावर २००१ मध्ये अनिल राय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार अर्ज करू शकतात आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे देण्याची विनंती करू शकतात. प्रत्यक्षात असा अर्ज करायला किती वकील धजावतात, हे सांगायची गरज नाही. प्रशासकीय कामही असतेच. अनुच्छेद २३५ प्रमाणे जिल्हा न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते, आणि जिल्ह्याचे पालक न्यायमूर्ती म्हणून इमारतीपासून न्यायाधीशांच्या गोपनीय अहवालापर्यंत सगळे पाहावे लागते. हे काम निकालसंग्रहात दिसत नाही, पण एखाद्या तालुका न्यायालयात साक्षीदारांना बसायला जागा आहे की नाही हे त्यावर ठरते.

वयाच्या ५८ ते ६० च्या सुमारास प्रत्येक न्यायमूर्तीसमोर मुख्य न्यायमूर्तीपद, सर्वोच्च न्यायालय किंवा ६२ व्या वर्षी निवृत्ती असे पर्याय येतात, आणि निवड त्यांची नसते. मुख्य न्यायमूर्ती सहसा दुसऱ्या राज्यात केले जाते. अनुच्छेद २२२ खाली बदलीही होऊ शकते. न्या. विजया ताहिलरामानी यांचे उदाहरण ताजे आहे: मुंबई उच्च न्यायालयातून त्या मद्रास उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या, २०१९ मध्ये त्यांची मेघालयात बदली ठरली आणि त्यांनी राजीनामा दिला. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या निवृत्तीच्या वयात तीन वर्षांचा फरक ठेवल्यामुळे शेवटच्या टप्प्यात वर पाहण्याचा मोह तयार होतो, असे माझे मत आहे. हा फरक मिटवण्यासाठी २०१० मध्ये घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले होते. ते मंजूर झाले नाही. ते झाले असते तर अनेक उत्तम न्यायमूर्तींना अपेक्षेशिवाय काम करता आले असते.

वर पोहोचल्यावर काय होते, त्यासाठी पुन्हा न्या. गवई यांच्याकडे येतो. जानेवारी २०२३ मध्ये नोटाबंदी वैध ठरवणारे बहुमताचे निकालपत्र त्यांनी लिहिले. मला त्यातील न्या. नागरत्ना यांचे विरोधी मत अधिक पटते. १ ऑगस्ट २०२४ च्या अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाच्या निकालात त्यांनी स्वतंत्र पण सहमतीचे निकालपत्र लिहून या प्रवर्गातही क्रिमीलेयर असावे असे म्हटले आणि त्यासाठी स्वतःच्या समाजातून टीका ओढवून घेतली. १३ नोव्हेंबर २०२४ चा बुलडोझर कारवाईवरचा निकाल मात्र मी सर्वांत वर ठेवतो. केवळ आरोपी आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही, पंधरा दिवसांची नोटीस हवी आणि नियम मोडून पाडकाम केले तर अधिकाऱ्याकडून खर्च वसूल होईल, असे त्यात आहे. महापालिकांचे वकील म्हणून काम केलेल्या माणसाला नोटिसा कशा दिल्या जातात, किंवा दिल्याचे दाखवले जाते, हे ठाऊक असते. त्या निकालातील नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची आणि जिल्हाधिकाऱ्यांना ईमेलने कळवण्याची व्यवस्था वाचताना मला तो अनुभव बोलताना दिसतो. २० नोव्हेंबर २०२५ रोजी, निवृत्तीच्या तीन दिवस आधी, त्यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने राज्यपालांना विधेयकांसाठी न्यायालय कालमर्यादा आखून देऊ शकत नाही असे मत दिले. त्यावर पुढची अनेक वर्षे वाद होतील.

आणखी एक प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो. जुलै २०२३ मध्ये राहुल गांधी यांच्या बदनामीच्या खटल्याचे प्रकरण समोर आले तेव्हा आपले वडील, रा. सू. गवई, काँग्रेसच्या निकट होते हे त्यांनी खुल्या न्यायालयात सांगितले आणि कोणाचा आक्षेप आहे का असे विचारले. दोन्ही बाजूंनी आक्षेप नसल्याचे सांगितल्यावरच सुनावणी पुढे गेली.

गुणवत्तेचा वाटा किती, या प्रश्नाला न्या. हंसराज खन्ना यांच्या उल्लेखाशिवाय उत्तर देता येत नाही. आणीबाणीत २८ एप्रिल १९७६ रोजी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने मत देणारे न्या. खन्ना ज्येष्ठतेनुसार पुढचे सरन्यायाधीश होते. जानेवारी १९७७ मध्ये सरकारने त्यांना डावलून न्या. बेग यांना नेमले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणात बहुमताच्या बाजूने असलेले न्या. यशवंत चंद्रचूड पुढे सरन्यायाधीश झाले, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या अधिकाराच्या खटल्यात त्यांच्याच मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी, वडिलांचा तो निकाल चुकीचा ठरवणारे मत लिहिले. खन्नांना पद मिळाले नाही, पण आज वकील युक्तिवादात उद्धृत करतात ते खन्नांनाच.

आता मुलीच्या प्रश्नाकडे. परीक्षेच्या मार्गाचे गणित कठोर आहे. २७-२८ व्या वर्षी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर झालेली व्यक्ती वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश, प्रधान जिल्हा न्यायाधीश अशा पायऱ्या चढत उच्च न्यायालयाच्या विचाराधीन होईपर्यंत बहुधा पन्नाशीच्या उत्तरार्धात असते. न्या. फातिमा बीवी १९५८ मध्ये केरळमध्ये मुन्सिफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश) म्हणून सुरुवात करून १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. पण हा अपवाद आहे. सात वर्षांच्या वकिलीनंतर थेट जिल्हा न्यायाधीश होणे हा मधला रस्ता आहे. न्या. आर. भानुमती १९८८ मध्ये तमिळनाडूत अशाच थेट भरतीतून आल्या, २००३ मध्ये उच्च न्यायालयात आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचल्या. ९ ऑक्टोबर २०२५ च्या घटनापीठाच्या निकालानंतर खालच्या न्यायालयात काम करणारे न्यायाधीशही वकिली आणि सेवा मिळून सात वर्षे भरल्यास या थेट भरतीला बसू शकतात. त्यासाठी किमान वय ३५ आहे. शिवाय मे २०२५ पासून जिल्हा न्यायाधीशपदाच्या जागा पुन्हा ५०, २५ आणि २५ टक्के अशा विभागल्या आहेत: पहिला भाग नियमित बढतीचा, दुसरा मर्यादित विभागीय परीक्षेचा आणि तिसरा थेट भरतीचा. म्हणजे सेवेत लवकर गेलेल्या हुशार अधिकाऱ्याचा रस्ता पूर्वीइतका लांब राहिलेला नाही.

परीक्षा आधी की वकिली, हा पर्याय मात्र आता उरलेलाच नाही. २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तराच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीच्या दिवसापासून मोजली जातात आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. तेव्हा निकाल लागताच बार कौन्सिलकडे नोंदणी करावी आणि जिल्हा न्यायालयात ज्यांच्याकडे साक्षीपुरावे रोज चालतात अशा वकिलांकडे बसावे. केवळ उच्च न्यायालयात रिट याचिकांचे मसुदे करून उलटतपासणी शिकता येत नाही. अनुभवाचा दाखला जिल्ह्याच्या प्रधान न्यायाधीशांचा, किंवा किमान दहा वर्षांच्या वकिलीचा अनुभव असलेल्या वकिलाचा आणि न्यायिक अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला लागतो, म्हणून वकालतनाम्यांवर स्वतःचे नाव आणि रोजनाम्यात (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) हजेरी पहिल्या महिन्यापासून येत आहे ना, हे तिने पाहावे. तीन वर्षांच्या शेवटी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची की वकिलीतच राहायचे, हे ठरवायला तोवर तिच्याकडे स्वतःचा अनुभव असेल. वकिलीत मन रमले आणि सहायक सरकारी वकिलीची संधी आली, तर ती सोडू नये.